राक्षस येण्याआधीची आरोळी

सांगलीच्या राजवाड्यात ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीता स्वयंवर' झालं आणि मराठी रंगभूमीचा जन्म झाला, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. संस्थानाधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी आदल्या वर्षी कर्नाटकातल्या कर्कीच्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले आणि पदरच्या विष्णु अमृत ऊर्फ विष्णुदास भावे या तरुणाला तसंच काहीतरी मराठीत करायला सांगितलं, हेही बहुतेकांना माहीत असतं. पण भाव्यांच्या मंडळीतली कामाची वाटणी कशी होती, हे फारसं कुणी सांगत नाही. तिथे तीन पार्ट्या असत: देवपार्टी, स्त्रीपार्टी आणि राक्षसपार्टी. म्हणजे घाबरवणं हा पहिल्या दिवसापासून या धंद्यातला एक स्वतंत्र विभाग होता.

राक्षसपार्टीच्या नटाला संवाद फार नसत. त्याचं भांडवल म्हणजे धिप्पाड अंग, रंगवलेला चेहरा, हातातली तलवार आणि गळा. तो रंगमंचावर यायच्या आधी त्याची आरोळी यायची, 'अलल्डुर्र!' पुढे शिकलेल्या मंडळींनी या सगळ्या प्रकारालाच 'अलल्डुर्र नाटकं' म्हणून हिणवलं आणि तो शब्द कोशात जाऊन बसला. हिणवणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात आली नाही. आरोळी आधी आणि राक्षस नंतर, हा क्रम अडाणीपणाचा नव्हता. घाबरवण्याच्या कारागिरीतला तो सगळ्यात जुना आणि आजही न गंजलेला पेच आहे.

मराठीत भीतीसाठी एकच शब्द वापरून भागत नाही, आणि ते बरंच आहे. दचकणं वेगळं, धास्ती वेगळी, शिसारी वेगळी. दचकणं हे शरीराचं काम. अचानक मोठा आवाज झाला की सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही आत पापणी मिटते, मान आत जाते, खांदे वर येतात. मेंदूच्या खालच्या, जुन्या भागात हा व्यवहार उरकतो. विचार करणाऱ्या भागाला खबर पोचेपर्यंत हातातली शेंगदाण्याची पुडी सांडलेली असते. म्हणूनच 'हे सगळं खोटं आहे' असं स्वतःला बजावत बसलेला माणूसही दचकतो. धास्तीचं तसं नाही. तिला वेळ लागतो, आणि तिचं खाद्य म्हणजे अजून न आलेली गोष्ट. आरोळी ऐकू आली, राक्षस दिसत नाही. मधले ते चार क्षण धास्तीचे.

हॉलिवूडला हा हिशेब १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये नेमका सापडला. रात्रीच्या निर्मनुष्य रस्त्यावर एक बाई झपझप चालते आहे, मागे कुणीतरी आहे असा तिला संशय आहे. आणि फस्सकन आवाज करत पडद्यावर घुसते ती चक्क एक बस. निर्माता व्हॅल ल्यूटन याच्या नावावरून अशा फसव्या दचक्याला आजही तिकडे 'ल्यूटनची बस' म्हणतात. आपल्याकडे त्याच कामाला मांजर वापरतात. दाराआडून मांजर उडी मारतं, प्रेक्षक हुश्श करतो, आणि खरा घाव त्या हुश्शनंतर बसतो.

आता हिंसेकडे येऊ. इथेही सांगलीचाच माणूस वाटेत भेटतो.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १८७२ साली सांगलीत जन्मले. त्यांचं 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. गोष्ट महाभारतातली: विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेल्या द्रौपदीवर कीचकाची वाईट नजर, युधिष्ठिराचं 'धीर धरा', भीमाचं खवळणं आणि शेवटी कीचकाचा वध. प्रेक्षक मात्र पुराण बघायला बसलेले नव्हते. त्यांच्या लेखी कीचक म्हणजे नुकताच मायदेशी गेलेला व्हाइसरॉय कर्झन, द्रौपदी म्हणजे देश, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. नाटकात कर्झनचं नाव कुठेही नव्हतं. लोकांनी ते खुर्चीवर बसून मनातल्या मनात लिहिलं. थिएटरात लोक कसे पेटतात याचं वर्णन लंडनच्या 'टाइम्स'पर्यंत पोचलं. १९१० मध्ये सरकारनं नाटकावर बंदी घातली. रंगमंचावर मेलेल्या कीचकाशी सरकारला काही कर्तव्य नव्हतं. त्याच्या मरणावर समोरचा माणूस कोणता चेहरा करतो, याची त्याला धास्ती होती.

प्रेक्षक हिंसा पाहताना न्यायाधीश होतो, असं अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी पुढे अनेक वर्षं अभ्यासून मांडलं. पडद्यावरच्या पात्रांची लायकी तो सतत ठरवत असतो. मार खाणारा त्या लायकीचा असेल तर तोच मार सुखाचा वाटतो. नसेल तर खुर्चीत चुळबुळ सुरू होते. रक्त तेवढंच, पण हिशेब वेगळा. पिटात शिट्ट्या मारणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

सांगलीपासून पन्नास किलोमीटरवर, कोल्हापुरात, बाबूराव पेंटरांनी याच कीचकाला पडद्यावर आणलं. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा मूकपट १९२० च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. झुंझारराव पवार कीचक होते, बाळासाहेब यादव भीम. भीम कीचकाला मारतो तो प्रसंग पेंटरांनी इतका हुबेहूब उभा केला, की प्रेक्षकांत किंकाळ्या उठल्या, काही बायका बेशुद्ध पडल्या आणि अखेर तो तुकडा कापावा लागला, असं चित्रपटाच्या इतिहासात सांगितलं जातं. लोकमान्यांनी पेंटरांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं ते याच काळात. म्हणजे एकीकडे शाबासकी आणि दुसरीकडे कात्री. खाडिलकरांच्या नाटकात प्रेक्षकाला कीचकाचा राग आधी चढवला जायचा, शब्दांनी. मूकपटात शब्द नव्हते. होता तो मोठा केलेला देह आणि त्याची तडफड. राग चढायच्या आतच शिसारी आली असेल, तर नवल नाही.

बेशुद्ध पडणाऱ्या प्रेक्षकांच्या गोष्टी मात्र जरा सांभाळूनच घ्याव्यात. ल्युमिए बंधूंच्या पडद्यावर आगगाडी येताना पाहून पॅरिसचे लोक जीव घेऊन पळाले, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. अभ्यासकांनी शोधलं तर त्या पळापळीचा भरवशाचा पुरावा सापडत नाही. मुंबईत वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएंची चित्रं दाखवली गेली, तेव्हाही लोक अचंबित झाले असतील, पण खुर्च्या उलथल्याचं कुठे नोंदलेलं नाही. 'घाबरून माणसं पडली' ही बातमी सिनेमावाल्याला नेहमीच हवी असते. विल्यम कॅसल या अमेरिकी निर्मात्यानं १९५८ साली 'मॅकाबर' पाहताना भीतीनं मेल्यास हजार डॉलरचा विमा जाहीर केला होता. आपल्याकडे २००८ मध्ये 'फूंक' आला तेव्हा राम गोपाल वर्मांनी हा सिनेमा थिएटरात एकट्यानं पाहून दाखवणाऱ्याला पाच लाख रुपये देऊ केले.

या दुसऱ्या आव्हानातला 'एकट्यानं' हा शब्द महत्त्वाचा आहे. सिनेमा तोच, पडदा तोच. फक्त बाजूच्या खुर्च्या रिकाम्या केल्या, की त्याची किंमत पाच लाख होते.

बाजूच्या खुर्चीत कोण आहे यावर भीतीची चव ठरते, याचा प्रयोगही झाला आहे. झिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली तरुण-तरुणींना जोडीजोडीनं भयपट दाखवला. जोडीदार आधीच शिकवून ठेवलेला: कधी घाबरायचं, कधी निर्विकार राहायचं, कधी धीट दिसायचं. शेजारची मुलगी घाबरली तर मुलांना सिनेमा जास्त आवडला. शेजारचा मुलगा धीट राहिला तर मुलींना. पडद्यावर काय चाललं आहे याच्याइतकाच शेजारी काय करतो हाही सिनेमाचा भाग निघाला. मराठी गावांत जत्रेतल्या तंबूच्या टॉकीजला जाणाऱ्यांना यात नवीन काही वाटणार नाही. महाराष्ट्रातल्या फिरत्या सिनेमाच्या प्रेक्षकांची छायाचित्रं अमित मधेशिया यांनी काढली, त्यांना २०११ साली वर्ल्ड प्रेस फोटोचा पुरस्कार मिळाला. कॅमेरा पडद्याकडे पाठ करून उभा, समोर अंधारातले चेहरे. घोंगडीत गुरफटलेले, तोंड उघडं राहिलेले, एकमेकांना चिकटून बसलेले.

सांगलीशेजारच्या सातारा जिल्ह्याचा या गोष्टीत शिरकाव होतो तो महाबळेश्वरच्या बाजूनं.

कराचीत रेडिओचं दुकान असलेले फत्तेचंद रामसिंघानी, म्हणजेच 'रामसे', फाळणीनंतर मुंबईत आले आणि लॅमिंग्टन रोडवर बसले. सात मुलगे. बापलेकांनी १९७० मध्ये 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला आणि तो पडला. पण तुलसी आणि श्याम या दोघांनी थिएटरात बसून एक गोष्ट टिपली. सिनेमात एका चोरीच्या प्रसंगात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा आणि विचित्र पोशाख करून येतात. लोक तेवढ्यासाठी येत होते. तो प्रसंग झाला की मंडळी उठून चालायला लागत. दुसऱ्या कुणी यावर कपाळ बडवून घेतलं असतं. या दोघांनी बापाला म्हटलं, लोकांना जे पंधरा मिनिटं हवं आहे तेच दोन तास देऊ या.

त्यातून १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' झाला, आणि तो करायला सगळं रामसे कुटुंब महाबळेश्वरला गेलं. कुमारनं लिहायचं, तुलसी-श्यामनं दिग्दर्शन, गंगू आणि केशू कॅमेऱ्यापाशी, किरण आवाजाला, अर्जुन संकलनाला. घरातल्या बायकांकडे स्वयंपाक. पैसा नव्हता, पण महाबळेश्वरात काही गोष्टी फुकट मिळतात. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पिणारं ते पठार, धुकं, इंग्रजांनी बांधून सोडलेले बंगले, झाडांची वाकडी खोडं, सातच्या आत पडणारा अंधार. मुंबईत स्टुडिओत पंखे आणि धूर लावून जे करावं लागतं ते इथे वेण्णा तलावाच्या बाजूनं आपण होऊन चालत येतं.

गोष्ट साधी आहे. बायको आणि तिचा यार मिळून नवऱ्याला विष घालून पुरतात. नवरा परत येतो. प्रेताला पाहून लोक किंचाळायचे हे खरं, पण ते कुणाच्या बाजूनं होते हेही पाहायला हवं. फसवला गेलेला तोच, पुरला गेलेलाही तोच. भूत हाच फिर्यादी. भीमाच्या जागी प्रेत आणि कीचकाच्या जागी यार बसवला की झिलमन यांचा हिशेब इथेही चुकत नाही. रामसेंच्या सिनेमांना समीक्षकांनी कधी धड वाचलं नाही. मेकअप, रबर, भडक लाल रंग यांवरच त्यांची टीका अडकली. लहान गावांतल्या थिएटरात मात्र ते सिनेमे पुन्हा पुन्हा लागत राहिले.

शिवाय रामसे विनोदाचा तुकडा कधी विसरले नाहीत. १९८४ च्या 'पुराना मंदिर'मध्ये साडेसहा फुटी अनिरुद्ध अगरवाल 'सामरी' होऊन थरकाप उडवतो, आणि त्याच सिनेमात जगदीप 'शोले'ची नक्कल करत हिंडतो. हे पाहून नाक मुरडणाऱ्यांना तो भोंगळपणा वाटतो. पण भीतीनं धडधडलेली छाती लगेच शांत होत नाही. शरीर तापलेलंच असतं, आणि त्या तापलेल्या शरीरावर पुढे जे पडेल ते दुप्पट लागतं, मग ते हसू असो, सुटकेचा नि:श्वास असो की गाणं. तमाशाच्या वगात रडवणाऱ्या प्रसंगाला लागून सोंगाड्या येतो तेव्हा फडमालकही हेच करत असतो.

भीती किती असली की मजा येते, याचं माप डेन्मार्कमधल्या एका संशोधक गटानं घेतलं आणि २०२० मध्ये प्रसिद्ध केलं. वेइल्यं गावातल्या एका 'भूतघरा'त ११० माणसांच्या छातीवर नाडी मोजणारी यंत्रं बांधून सोडलं. भुतं अंगावर येताना नाडी किती उसळते ते नोंदवलं आणि नंतर मजा किती आली ते विचारलं. फार कमी घाबरलेले कंटाळले, फार घाबरलेल्यांना मजा वाटेना, मधलेच खूश. भाजीत मीठ किती घालावं, असा हा प्रश्न आहे. आणि प्रत्येकाची जीभ वेगळी.

पोरांची जीभ तर फारच वेगळी. १९९३ मध्ये महेश कोठारेंचा 'झपाटलेला' आला. मोठ्यांसाठी तो लक्ष्मीकांत बेर्डेंचा विनोदी सिनेमा होता. त्या दशकातल्या कित्येक मुलांसाठी मात्र तो कपाटावरची बाहुली उलटी करून ठेवण्याचं कारण ठरला. अमेरिकी संशोधक जोॲन कँटर यांनी मुलांच्या भीतीचा मोठा अभ्यास केला आहे. लहान मूल दिसण्याला घाबरतं, मोठं मूल घडू शकेल अशा गोष्टीला. या सिनेमातल्या बाहुल्यानं, तात्या विंचूनं, दोन्ही वयांना एकदम गाठलं: चेहरा भेसूर, आणि बाहुली तर घराघरांत. तो बाहुला केला आणि हलता ठेवला रामदास पाध्ये यांनी. या पाध्यांनीच विष्णुदास भाव्यांच्या जुन्या कळसूत्री बाहुल्या दुरुस्त करून पुन्हा हलत्या केल्या. सांगलीच्या राक्षसपार्टीपासून तात्या विंचूपर्यंतची वंशावळ अशी एका माणसाच्या दहा बोटांतून जाते, हा योगायोग मात्र कुणा लेखकाला जुळवून सुचला नसता.

आणि मग ऊस.

विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' १४ जुलै २०१७ रोजी लागला. आठ महिन्यांची गरोदर नेहा (पूजा सावंत) नवऱ्याबरोबर शहरातून पळून उसाच्या रानातल्या एका घरात लपायला येते. घर सांभाळणारी तुळसाबाई, म्हणजे उषा नाईक. चहूबाजूंनी ऊस. त्यात मुलं लपाछपी खेळतात. शहरी प्रेक्षकाला हे रान चक्रव्यूहासारखं दिसतं. वाळवा, कराड, मिरज, पलूस तालुक्यांतल्या माणसाला त्यात वेगळंच काही दिसतं. पुरुषभर उंचीच्या दुप्पट वाढलेला ऊस त्यानं आतून पाहिलेला असतो. सरीत चार पावलं आत गेलं की बांध दिसेनासा होतो. वारा नसतानाही पाला सळसळतो. पानाच्या कडा हाताला कापतात. शेतीची वीज रात्रीची असली की बॅटरी घेऊन दारं धरायला जावं लागतं, आणि शिराळा-कराड भागात आता बिबट्याही उसात मुक्काम करतो. त्याच्या भीतीला पडद्यावर काही नव्यानं रचावं लागत नाही, नुसता कॅमेरा बांधावर ठेवला तरी चालतं.

पण 'लपाछपी'ची खरी भीती उसात नाही. ती स्त्रीभ्रूणहत्येत आहे. हा सिनेमा लागायच्या चार महिने आधी, मार्च २०१७ मध्ये, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळ इथे एका महिलेचा बेकायदा गर्भपातात मृत्यू झाला, तपास सुरू झाला आणि ओढ्याजवळ पुरलेले १९ भ्रूण सापडले. सिनेमा त्या घटनेवरून केलेला नाही, तो आधीच तयार होता. तरी सांगली जिल्ह्यातल्या प्रेक्षकासमोर तो कोणत्या ताज्या बातमीला टेकून उभा राहिला असेल, हे सांगायला नको. सहा वर्षं आधी, २२ ऑक्टोबर २०११ रोजी, साताऱ्यात जिल्ह्यातल्या अडीचशेहून जास्त मुलींचं जाहीर नामकरण झालं होतं. त्या सगळ्यांची आधीची नावं 'नकुशी' किंवा 'नकोशी' होती.

अशा भूमीवर हा सिनेमा पाहताना पिटातली शिट्टी वाजत नाही. इथे कीचक कोण हे ठरवायला बसलं, तर बोट पडद्यावरून खाली यायला लागतं, स्वतःच्या रांगेपर्यंत. मजेसाठी लागणारी सुरक्षित चौकट, 'हे आपलं नाही' ही खात्री, हलते. मानसशास्त्रात भयपटाच्या आनंदासाठी हे अंतर आवश्यक मानतात. 'लपाछपी'नं ते मुद्दाम कमी केलं. २०२१ मध्ये फुरियांनीच तो हिंदीत 'छोरी' म्हणून केला तेव्हाही उसाचं रान सोडलं नाही.

साताऱ्याला भुतांशी भांडणाराही एक माणूस लाभला होता. डॉ. नरेंद्र दाभोलकर हे व्यवसायानं डॉक्टर, कबड्डीचे खेळाडू. १९८९ पासून त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम उभं केलं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं हा त्या कायद्यानं गुन्हा ठरतो. समितीचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कारांची प्रात्यक्षिकं करतात, त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. नारळातून आग निघते, लोकांचा 'आ' वासतो, आणि मग कार्यकर्ता नारळात सोडियम कसा लपवला होता ते सांगतो. आधी घाबरू देतात, मग पेटी उघडतात. भयपट पेटी उघडत नाही, पण तिकीट काढलेल्याला पेटी आहे हे ठाऊक असतं. झाडलेल्या पोरीला ते ठाऊक नसतं. सिनेमातल्या हडळीमुळे अंधश्रद्धा वाढते का, या वादात हा फरक बहुधा हरवतो.

अलीकडच्या काळात मराठी मातीतल्या भीतीला हिंदीत बरे दिवस आले. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'चं बीज नारायण धारपांच्या कथेतून आलं, नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीकडून. १२ ऑक्टोबर २०१८ ला तो लागला तेव्हा गर्दी बेताचीच होती. १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा लागला, तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त गल्ला झाला. त्याच वर्षी जूनमध्ये आदित्य सरपोतदारांचा 'मुंज्या' शंभर कोटींपलीकडे गेला, आणि पिंपळावरचा मुंजा दिल्ली-लखनौच्या पोरांना माहीत झाला.

'तुंबाड'च्या दुसऱ्या फेरीत थिएटरात येणाऱ्यांपैकी अनेकांनी तो आधी मोबाइलवर पाहिलेला होता. विहिरीत खाली काय आहे, पिठाची बाहुली कशासाठी, तिथला राक्षस हस्तर कधी झेपावणार, सगळं ठाऊक. तरी आले, आणि सोबत न पाहिलेले मित्र घेऊन आले. दोर खाली सोडला जातो तेव्हा अशा प्रेक्षकाची नजर पडद्यावर नसते. तो शेजाऱ्याकडे बघत असतो, आणि आरोळी कधी येते याची वाट बघत असतो.